सात जमिनी आणि येडबाची मिशी

येडबाच्या मिशीवर रविवारी संध्याकाळी वस्तरा फिरणार होता, आणि ही बातमी घेऊन तो स्वतःच शुक्रवारी सकाळी झरीहून पूर्णेला आला.

मुनीरोद्दीन तेव्हा अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून वाचत बसले होते. फाटक वाजलं तसं त्यांनी सवयीनं पुस्तक छातीशी धरलं. येडबानं खांद्यावरचं घोंगडं ओट्यावर टाकलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "मुनीरभाई, मपली मिशी लावली मी."

"कशाला लावली?"

"पैजंला. आन् आता ती तुमच्या हातात हाय."

मुनीरसाहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तिथं फक्त पुस्तक होतं.

येडबाची मिशी साधी नव्हती. लग्नात ती काळी होती, आता पांढरी झाली होती, पण दोन्ही रंगांत तिनं त्याचा चेहरा झाकून टाकला होता. झरीत मेंढरं बघायला आलेली गिऱ्हाइकं आधी मिशी बघत आणि मग मेंढरू. नाराज होती ती एकटी केवळाबाई, त्याची बायको. जेवताना अर्धी कढी आपण प्यायलो की मिशी, हेच ह्याला कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

अशा माणसाची आणि पुस्तकात तोंड घालून बसणाऱ्या मुनीरसाहेबांची दोस्ती जमली ती लेंडीखतामुळे. पूर्णेच्या कडेला मुनीरसाहेबांचं थोडंसं रान होतं. दर उन्हाळ्यात येडबा आपली मेंढरं त्या रानात बसवायला आणायचा. मेंढरं रात्री तिथं बसली की रानाला खत मिळायचं आणि येडबाला दाणे मिळायचे. जेवणं झाली की दोघं बांधावर टेकायचे. येडबा बोलायचा आणि मुनीरसाहेब ऐकायचे. गेल्या उन्हाळ्यात मात्र येडबानं वर बघत विचारलं होतं, "तुमी एवढं वाचता मुनीरभाई. वर काही हाय का, का नुसतेच दिवे?"

मुनीरसाहेबांना आयुष्यात क्वचितच कुणी काही विचारलं होतं. त्यांनी घसा साफ करून सांगितलं की कुरआनात एक आयत आहे. आकाशं आणि जमीन घडवणं, आणि त्या दोहोंत चालते-फिरते जीव पसरवून देणं, ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे. आणि त्याला वाटेल तेव्हा त्या सगळ्यांना गोळा करायलाही तो समर्थ आहे. चालते-फिरते जीव म्हणजे काय, हे येडबाला पटकन समजावं म्हणून त्यांनी सोपा शब्द वापरला. जितराब, ते म्हणाले.

येडबा ताडकन उठून बसला होता. पसरवून देणं आणि गोळा करणं, हे तर त्याचं रोजचं काम.

"म्हंजे वरबी मेंढरं हायत म्हना की!"

खरं तर तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं, यात जाणकारांचे मतभेद आहेत असं सांगायला हवं होतं. पण येडबा एवढा खूश दिसत होता की मुनीरसाहेबांचा धीर झाला नाही. तो न झालेला धीर आता मिशीवर आला होता.

झालं होतं असं. सोमवारी दिवस मावळल्यावर झरीच्या वर आभाळात दिव्यांची एक लांब माळ दिसली. एकामागं एक, सारख्या अंतरानं, न लुकलुकता चाललेले दिवे. लोक घराबाहेर आले. वाचनालय चालवणाऱ्या तात्यारावांनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं की हे माणसांनीच सोडलेले उपग्रह आहेत. लोकांची निराशा झाली. ती येडबाला बघवली नाही. हॉटेलात चहा पिता पिता तो बोलून गेला, "हे माणसाचे आसतील. पण वर खरोखरची जितराबं हायत. कुराणात लिवलंय."

"तू कव्हा वाचलंस रे कुराण?" रामकिशन म्हणाला. हा पंचायतीचा माजी मेंबर. शेती मुलं बघत होती, आणि हा दिवसभर हॉटेलात बसून पैजा लावत होता. "तुला तर एसटीची पाटी वाचता येत न्हाई."

"मुनीरभाईनं सांगितलंय. त्यो मानूस खोटं बोलत न्हाई."

"मग बोलव त्याला. येऊ दे वाचनालयात आन् सांगू दे समद्यांपुढं. वर जीव हायत आसं निघालं तर मी मिशी काढतो. न्हाई निघालं तर तू काढायची."

ही सगळी हकिकत ऐकून मुनीरसाहेबांनी विचारलं, "रामकिशनला मिशी आहे?"

"हाय की. झुरळाएवढी."

"म्हणजे पैज बरोबरीची नाही."

"ते जाऊ द्या. तुमी येता ना?"

मुनीरसाहेबांच्या कानात त्यातलं एकच बोलणं घुमत होतं. समद्यांपुढं.

पूर्णा जंक्शनवर त्यांची सगळी नोकरी लाउडस्पीकरवर गाड्यांची घोषणा करण्यात गेली होती. आता ते काम मशीन करतं. पण एक काळ असा होता की परभणी जिल्ह्यातला जो कुणी पूर्णेच्या फलाटावर उभा राहिला असेल, त्यानं मुनीरसाहेबांचा आवाज ऐकला होता, आणि त्यांना पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. छोटी खोली, बंद दार, समोर माइक. त्या खोलीत त्यांना कधी अडखळायला झालं नाही. बाहेर आले की मात्र भाजीवाल्याला भाव विचारतानाही जीभ अडकायची. निरोप समारंभाच्या दिवशी लोक भाषणाचा आग्रह करायला लागले तेव्हा ते पाणी पिऊन येतो म्हणून उठले होते, आणि बाकीचा समारंभ त्यांनी आपल्या त्या खोलीतूनच ऐकला होता.

"नाही जमायचं येडबा," ते म्हणाले. "मी काही आलिम, धर्माचा पंडित नाही. आपलं हौसेनं वाचतो. एखादा शब्द चुकला तर? किताब आहे ती, गाडीचं टाइमटेबल नाही."

येडबानं मिशीवरून हात फिरवला, जनावर विकायच्या आधी फिरवतात तसा.

चहाचे कप घेऊन बाहेर आलेल्या जैबुनबींनी, म्हणजे मुनीरसाहेबांच्या बायकोनं, हे सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "जाव ना जी. इत्ते बरस दुनिया कू बोले, गाडी आयी, गाडी गयी. अब अच्छी बात बोलने कू शरम आती?"

"मैं आलिम नै, जैबुन."

"तो वैसाच बोलना. मैं आलिम नै करके बोलना, और फिर बोलना."

रविवारी मुनीरसाहेब गाडीनं परभणीला आले. स्टँडवर येडबा उभा होताच. झरीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यानं हळूच सुचवलं, "जास्त सांगू नका मुनीरभाई. कोनी इच्यारलं तर निस्तं 'हाय' म्हना. एक शब्द. तेवढ्यात काम भागतंय."

"किताब माझी असती तर म्हटलं असतं," मुनीरसाहेब म्हणाले. "जेवढं आहे तेवढंच सांगता येतं. वाढवून सांगितलं तर मग ते तिचं राहत नाही."

"आन् मिशी?"

मुनीरसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कापूस होता, सोयाबीन होतं, मिशी वाचवेल असं काही नव्हतं.

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या मागं पुस्तकांच्या कपाटांची अंधारी खोली. एरवी पेपर वाचायला मोजकी माणसं येत. आज दारापर्यंत गर्दी होती. बायका भिंतीशी बसल्या होत्या, त्यात पुढं केवळाबाई. रामकिशन पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसला होता. आणि खिडकीशी मुंजाजी न्हावी पेटी मांडीवर घेऊन वस्तऱ्याला धार लावत होता. निकाल कसाही लागो, त्याचं काम पक्कं होतं.

तात्यारावांनी ओळख करून दिली. मुनीरसाहेब उठले. माइक समोर होता, तो तर जुना सोबती. पण माइकच्या पलीकडं तोंडं होती, आणि सगळी त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी तोंड उघडलं. लाउडस्पीकरमधून नुसता श्वास बाहेर आला. पुन्हा उघडलं. पुन्हा श्वास.

"शिग्नल पडंना वाटतं," रामकिशन म्हणाला, आणि खोली हसली.

"घोटभर पानी द्या रे त्यांना," कुणीतरी म्हणालं.

पाणी पिऊन झालं. मग मुनीरसाहेबांनी स्टँडवरचा माइक काढून हातात घेतला, वळले, आणि वायर ओढत मागच्या पुस्तकांच्या खोलीत निघून गेले. दार लागलं. दाराखालून वायर तेवढी बाहेर राहिली.

"पळालं की म्हातारं!" रामकिशननं मांडीवर थाप मारली. "ये येडबा, बस खुर्चीवर."

येडबाचा हात मिशीकडं गेला. इतक्यात लाउडस्पीकर खरखरला.

"कृपया लक्ष द्या."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. तो आवाज भरदार होता, संथ होता, आणि सगळ्यांच्या ओळखीचा होता. मागून एक म्हातारा ओरडलाच, "आरं, ह्यो तर पूर्णेचा आवाज हाय! माझ्या लग्नाची गाडी ह्यानंच सांगितली होती!"

"कृपया लक्ष द्या," आवाज म्हणाला. "मी आलिम नाही. मी फक्त वाचलेलं सांगतो आहे. कुरआन शरीफच्या सुरुवातीलाच अल्लाहला एका जगाचा नव्हे, सगळ्या जगांचा पालनहार म्हटलं आहे. एकूण जगं किती, याची घोषणा तिथं केलेली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी सात आसमानं सांगितली आहेत, आणि जमीनही त्यांच्यासारखीच. म्हणजे सात वेगळ्या जमिनी, की एकाच जमिनीचे सात थर, यावर जाणकारांचं एकमत नाही. एक जुनी रिवायत, म्हणजे परंपरेनं चालत आलेलं कथन, अशीही आहे की प्रत्येक जमिनीवर तुमच्या आदमसारखा आदम आहे, तुमच्या नूह पैगंबरासारखा नूह आहे. मात्र प्रवाशांनी नोंद घ्यावी, ही रिवायत बऱ्याच विद्वानांनी कच्ची मानली आहे. तिच्यावर विसंबून कुणी प्रवास करू नये."

लोक हसले, पण या वेळचं हसू वेगळं होतं. केवळाबाईनं पदर सावरला आणि बंद दाराला विचारलं, "आवं भाऊ, म्हंजे तितल्या जमिनीवर आनिक एक येडबा आसंल का?"

दाराआडून थोडा विचार झाला. "रिवायत खरी धरली तर असू शकेल."

"आन् त्याला मिशी?"

"मिशीचा उल्लेख कुठंही आढळत नाही."

"मंग तितली केवळाबाई सुखात आसंल, माय," केवळाबाई शेजारणीला म्हणाली. बायकांच्या रांगेतून हसण्याची लाट गेली. येडबा पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

आवाज आता चांगला तापला होता. त्यानं सांगितलं की माणसाच्या सवारीसाठी घोडे, खेचरं, गाढवं घडवली असं म्हटल्यावर लगेच पुढं म्हटलं आहे, तुम्हाला ठाऊक नाही असंही तो घडवतो. मग जीव कसे चालतात तेही सांगितलं. कुणी पोटावर, कुणी दोन पायांवर, कुणी चार पायांवर. आणि शेवटी ती आयत आली, आकाशं आणि जमीन या दोहोंत पसरवलेल्या जिवांची, आणि हवं तेव्हा त्यांना गोळा करणाऱ्याची. ती सांगताना आवाज जरा हळू झाला.

मग रामकिशन उठला. "साहेब, लय चांगलं बोललात. पन आमचा मामला निराळा हाय. एकच सांगा. वर जीव हायत का न्हाईत?"

आतल्या अंधारात मुनीरसाहेब पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभे होते. दोन अक्षरांचं उत्तर होतं. त्या दोन अक्षरांनी एका मित्राची मिशी वाचत होती आणि कुणाचंच बिघडत नव्हतं. बाहेरचा एकही माणूस पडताळून पाहणार नव्हता. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ आणला.

"'दोहोंत' असं म्हटलं आहे," ते शेवटी म्हणाले. "काही म्हणतात, आसमानातही आणि जमिनीवरही. काही म्हणतात, दोन्ही मिळून म्हटलंय, जमिनीवर आहेत म्हणजे झालं. काही म्हणतात, वरचे म्हणजे फरिश्ते. मला पहिलं म्हणणं आवडतं. पण माझ्या आवडीला किंमत नाही. नक्की काय, ते मला ठाऊक नाही."

"झालं!" रामकिशन टाळी वाजवून म्हणाला. "नक्की न्हाई म्हनले! ऐकलं का समद्यांनी? मुंजाजी, आन वस्तरा!"

गलका झाला. येडबा मात्र शांतपणे उठला. "मुनीरभाई बोलला ते खरं आसंल," तो म्हणाला आणि पाहुण्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसला. "कर रे मुंजाजी तुपलं काम. पन जरा धार बघून घे."

मुंजाजीनं वाटीत ब्रश फिरवायला सुरुवात केली. ब्रशचा तो आवाज दारातून आत गेला. नंतर मुनीरसाहेबांनाही नीट आठवेना की दार त्यांनी उघडलं कसं. लोकांनी पाहिलं ते इतकंच की दार सताड उघडलं, आणि माइक हातात धरून एक सडपातळ, घामाघूम झालेला म्हातारा भराभरा बाहेर आला. येडबाच्या मिशीची डावी बाजू तोपर्यंत फेसात बुडाली होती.

"कृपया लक्ष द्या!" मुनीरसाहेब म्हणाले. या वेळी ते समोर बघून बोलत होते. "रामकिशनराव, एक सांगा. गाडी टाइमटेबलात आहे, पण तिची वेळ कळलेली नाही. ती गाडी रद्द झाली का?"

"न्हाई," रामकिशन गोंधळून म्हणाला. "लेट आसंल."

"लेट आणि रद्द या दोन वेगवेगळ्या घोषणा आहेत. वरून हुकूम आल्याशिवाय मी सगळ्या नोकरीत एकही गाडी रद्द केली नाही. लोक भांडले, शिव्या दिल्या, पण नाही केली. किताबात जीव आहेत. ते कुठं कुठं आहेत ते आपल्याला कळलेलं नाही. तो त्यांना गोळा करील तेव्हा कळेल, आणि कधी करील, तर त्याला वाटेल तेव्हा. वेळ जाहीर झालेली नाही. मग निकाल आज कसा लागेल?"

कुणीतरी मागून म्हणालं, "बरोबर हाय!" तात्यारावांनी मान डोलावली. रामकिशननं तोंड उघडलं, पण मुनीरसाहेब आता थांबणार नव्हते. माइक त्यांनी ओठांजवळ नेला आणि तोच पूर्णेचा आवाज खोलीभर पसरला.

"झरी येथून सुटणारी येडबाची मिशी काही अपरिहार्य कारणांमुळे अनिश्चित काळ उशिरा धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

वाचनालयाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, एवढा हशा झाला.

"आन् मपली?" रामकिशननं आपल्या झुरळावर हात ठेवून विचारलं.

"तुमचीही. दोन्ही मिशा आपापल्या फलाटावर उभ्या राहतील."

रामकिशननं झुरळावरचा हात काढला. मग त्यालाही हसू आवरेना. "ह्यो मानूस पंचायतीत पायजे होता," तो म्हणाला.

"मपला फेस वाया गेला की," मुंजाजी कुरकुरला. केवळाबाई उठली, पदरानं नवऱ्याची मिशी खसाखसा पुसली आणि म्हणाली, "जरा कळ काढली आसती भाऊ, तर माजी कढी वाचली आसती." पण पुसून झाल्यावर मिशीचं टोक तिनंच वळवून सरळ केलं.

निघताना तात्याराव म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा या साहेब. विषय तुमीच ठरवा." मुनीरसाहेबांची जीभ परत अडकली. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते तात्यारावांना कळलं नाही आणि खुद्द मुनीरसाहेबांनाही.

येडबा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडीची वाट बघत दोघं उभे होते. दिवस मावळला होता आणि वर एखाददुसरी चांदणी निघाली होती. येडबा वर बघत म्हणाला, "हायत का न्हाईत, ते जाऊ द्या मुनीरभाई. पन आसली तर त्यानला पानी कोन पाजत आसंल?"

"ज्यानं पसरवली तो."

"मंग काळजी न्हाई," येडबा म्हणाला.

तेवढ्यात मुनीरसाहेबांचा फोन वाजला. जैबुनबी होत्या.

"बोले क्या जी?"

"बोल्या."

"लोगां के सामने?"

मुनीरसाहेबांनी जरा विचार केला. मग अगदी खरं तेच सांगितलं.

"पैले अंदर से, फिर सामने. वायर लंबी थी, जैबुन."